टोकाची गाठ

सावरटोलीच्या बंद राईस मिलमध्ये
आम्ही चौदा जणी आणि आरसा एक,
वडसाच्या बाजारातून टेम्पोत उभा करून आणलेला,
येताना कोपऱ्यात तडकलेला.
त्या बाजूला जी उभी राही
तिचा डावा खांदा दोनदा दिसे.
ती जागा माझी.
मधली लीना कोडापेची.

चहांदे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
दीडशे अर्जांतून चौदा घेतल्यात,
चौदांतून एक पाठवीन नागपूरला.
रडायचं असेल त्यांनी बोडीच्या पाळीवर जाऊन रडावं,
फरशी ओली करू नये, पाय घसरतो.

ती फरशी.
कितीही झाडा, फटींतून तूस निघायचंच.
चक्कर घेतली की पिवळं उडायचं,
घामाला चिकटायचं, खाजायचं,
आणि खाजवायची परवानगी नव्हती.
यंत्र भंगारात गेलं होतं, खांब तेवढा उभा,
त्या खांबावर नजर ठेवून फिरायचं.
मी लीनावर ठेवायचे.
म्हणून माझी सम चुकायची.
हे कोणी सांगितलं नाही,
आणि सांगितलं असतं तरी.

लीना बोलायची कमी.
जेवताना वरणात बोट बुडवून
ताटाच्या काठावर बोल लिहायची,
मग चाटून टाकायची.
मला तेही खपायचं नाही.

कार्तिकात मी पहिलं घुंगरू काढलं.
सगळ्या निजल्यावर, टोकाची गाठ दातांनी सोडून.
शंभरातून एक, कोणाला कळतंय.
पावडरच्या डब्यात ठेवलं,
वर कापूस, म्हणजे वाजणार नाही.
मग दर तीन-चार रात्रींनी एक.
तिच्या दोरीला शेपूट फुटलं, वाढत गेलं,
आणि लीना काही बोलेना.
फक्त पाय जोरात पडू लागला.
आधी टाच, मग अख्खा तळवा,
मग पहाटे चारला उठून
घुंगरांशिवायच, अंधारात, एकटी,
अशी की मिलचे पत्रे थरथरत
आणि वरची कबुतरं घाबरून जागा बदलत.
मी गोधडीत पडून ऐकायचे.
तिच्या पायात जितकं कमी
तितकी ती जास्त ऐकू यायची.

माघात निवड.
मॅडम आमच्याकडे पाठ करून बसल्या,
चेहरे बघितले की माझा निकाल बिघडतो म्हणाल्या.
माझ्या पायांत शंभर-शंभर, राखेने घासलेले.
छान वाजले.
मॅडमची मान हलली नाही.
लीनाचे घुंगरू वाजलेच नाहीत म्हणा, पाय वाजले.
तिसऱ्या आवर्तनाला मॅडमनी नकळत
पदर सावरला, दारातून कोणी आत आल्यासारखा.

साकोलीची गाडी साडेसातला.
आम्ही तेराही जणी गेलो सोडायला.
तिची पेटी मी चढवून दिली,
हातांना काहीतरी काम हवं होतं.
खिडकीतून ती वाकली. ओठांच्या कोपऱ्यात
टूथपेस्ट वाळलेली.
"एकवीस झाले नं व तुह्याजवळ?
राहू दे. मी नवीन दोरी घेतो."
रागावली असती तर बरं झालं असतं.

धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही.
खोलीवर येऊन मी डबा उपडा केला.
मोजले. कापूस पिंजून पुन्हा मोजले.
सतरा.

खिडकीबाहेर नळावर बारा जणी
पाय धूत होत्या.
हर्षाली हसत होती कशाला तरी.
लोमेश्वरी टाचेची भेग दगडाने घासत होती,
जरा जास्तच मन लावून.

संध्याकाळी रांग लागली, मधली जागा रिकामी.
त्या जागेकडे कोणीच बघत नव्हतं,
फार काळजीपूर्वक, कोणीच.
मॅडमनी पहिला ठेका धरला.
मी पायाशी वाकले
आणि माझ्या दोरीची टोकाची गाठ
बोटांनी चाचपून पाहिली.