मे महिन्यातली चादर

मे महिना. पारा त्रेचाळीसवर.
विडी घरकुलात पत्रे तडतडत होते
आणि भूदेवीनं पेटीतून चादर काढली,
मीच विणलेली, मोराची,
किनारीला धागा चुकला म्हणून सेकंडात गेलेली.
"गार वाजतंय," म्हणाली.
मी हसलो. पोरंही हसली.

विड्या त्याआधीच घटत चालल्या होत्या.
हजार वळणारी बाई आठशेवर, मग साडेसहाशेवर.
पानं तोलून देतात, विड्या मोजून घेतात,
मधल्या बाईला कोण मोजतं?
आवाज घोगरा झाला. फणीत केसांचे पुंजके.
तेलुगूत भांडायची, तेही बंद.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि ही पेंगतेय.
मी म्हटलं, आळस.
म्हटलंय मी. नाही म्हणत नाही.

माग मंद चालला तर मी मागाला शिव्या देत नाही.
मोटर बघतो, पट्टा बघतो,
तेल कुठं पोचलं नाही ते बघतो.

मंठाळकर मॅडमनी घोट्यामागं रबरी हातोडी मारली.
पाऊल उडालं,
पण जागेवर यायला त्यानं फार वेळ लावला.
मग रक्त. अश्फाकला शीर सापडेना,
दोन्ही हात पालथे घातले पोरानं.
कागदावर टीएसएच : एकोणसत्तर.
"जास्त म्हणजे चांगलं ना?" मी विचारलं.
"ग्रंथी काम करत नाही, म्हणून मेंदू तिला हाका मारतोय.
ती जितकी गप्प, तितका हा आकडा मोठा."
एकोणसत्तर हाका.
एकाच खोलीत झोपतो आम्ही.

गोळी पहाटे, उपाशीपोटी. चहा पाऊण तासानं.
गोळीपेक्षा तो पाऊण तास कडू.
म्हणून मीही थांबतो. दोघं उंबऱ्यावर,
स्टोव्ह न पेटवता.
पहिला आठवडा काही नाही. तिसराही तसाच.
"पैसे पाण्यात," म्हणाली.
सहा आठवड्यांनी परत सुई : तेवीस.
गोळी वाढवली. कायमची का?
"बहुतेक," मॅडम म्हणाल्या.
ती गप्प राहिली. मग डबीवर
पोरीकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं.

ऑक्टोबरात एका रात्री
चादर लाथेनं माझ्या अंगावर आली.
"किती उकडतंय! पंखा काय तुमच्याच बापाचा?"
पुढचं तेलुगूत म्हणाली,
ते सांगण्यासारखं नाही.
मी उठून पंखा तिच्याकडं वळवला
आणि अंधारात बराच वेळ
घामेजून, जागा राहिलो.