काढलेले भाग

गाडी आणली तेव्हा सीटांवर अजून प्लास्टिक होतं.
सानपाड्याच्या शोरूमसमोर चार लिंबं चिरडली
आणि पुढच्या मंगळवारी तुर्भ्याला,
इस्माईल चौगुल्यांच्या गॅरेजात,
तिचा पुढचा बंपर उतरवून
गोणपाटावर निजवला.

तीनशे बारा किलोमीटर झाले होते फक्त.
पान्यावरचं ग्रीस पुसत चौगुले म्हणाले,
"साहेब, तिला आधी तिचं दुखणं तरी कळू द्या.
मग औषध आणू."
मी यादी काढली.
दोन वर्षं लिहीत होतो ती,
रबाळ्याच्या लॅबमध्ये, टायट्रेशनच्या वहीच्या मागच्या पानावर,
ब्युरेटमधून थेंब पडत असताना.

दोन इंचांची लिफ्ट.
जाड दातांचे टायर.
विंच, साडेनऊ हजार पौंडांचा, दोर सिंथेटिक.
पोटाखाली पत्रा.
स्नॉर्कल.
"पाण्यात कुठे जाणार?"
बघू, म्हणालो.
समोर खाडी असूनही
तिचं नाव घ्यायची लाज वाटली.

स्नॉर्कलसाठी मडगार्डला भोक पाडावं लागतं.
कागदाचा नमुना चिकटवतात, मधोमध ठिपका देतात.
नव्या रंगावर ड्रिल टेकलं
तसा मी बाहेर पडलो, चहाच्या टपरीकडे,
लेकीचे कान टोचताना
पडलो होतो तसाच.
परत आलो तर चौगुल्यांच्या रिझवानने
पत्र्याची गोल चकती माझ्या तळहातावर ठेवली,
एका अंगाने हिरवी, दुसऱ्या अंगाने उघडी.
गरम होती.
"वॉरंटी," तो म्हणाला,
आणि हसला नाही.

काढलेलं सगळं घरी आणलं.
कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस, तिसरा मजला.
आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
गाडीला आहे.
स्प्रिंगा गवती चहाच्या कुंडीशेजारी,
बंपर वॉशिंग मशीनच्या मागे,
पाचही टायर दिवाणाखाली.
शर्वाणी बहिणीला फोनवर सांगत होती,
"अगं, दोन गाड्या घेतल्यात आम्ही.
एक खाली उभी आहे,
एक घरात, सुटी."

मग मे महिन्यात दोन दिवस नळ कोरडे गेले
आणि रात्री दहाला आलेल्या टँकरचं मागचं चाक
गेटपाशी गॅसच्या पाइपसाठी खणलेल्या चरात गेलं.
अख्खी इमारत बादल्या घेऊन खाली.
मी किल्ली घेऊन खाली.
हूक अडकवला. दोरावर ओली गोणी टाकली,
तुटलाच तर उसळू नये म्हणून,
आणि सगळ्यांना मागे व्हा म्हणालो
अशा आवाजात, जो माझा मलाच नवा होता.
रिमोट धरलेला हात थरथरत होता.
दोर ताणला, कुरकुरला,
गाडीने नाक खाली केलं,
आणि टँकर म्हशीसारखा
जडपणे, नाखुशीने
वर आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
सगळे पाइपाकडे धावले.
सुळेकाकूंनी तेवढं जाता जाता ऐकवलं,
"असलं काही आहे तर आधी सांगायचं ना."
ड्रायव्हरने हूक आपल्या गमछाने पुसला
आणि दोन्ही हातांनी परत दिला.

त्याला आता पाच महिने झाले.
जंगलात अजून गेलो नाही.
एका रविवारी पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून
तिला तासभर उभी केली, एवढंच.
चौगुले विचारतात, "काय म्हणते?"
मी म्हणतो, "काही नाही. मजेत."

रात्री पाणी प्यायला उठलो
की दिवाणाखाली हात घालतो.
टायरांवरचे रबराचे केस अजून तसेच आहेत,
मऊ, कुठल्याच रस्त्याने न खाल्लेले.
पनवेलच्या एकाने चांगली किंमत सांगितली होती.
उद्या कळवतो म्हणालो
आणि कळवलं नाही.

चकती मी किल्लीला अडकवलीय.
खिशात सुट्ट्या नाण्यांशी घासून
तिच्या हिरव्या अंगावर बारीक ओरखडे उठलेत.
गाडीवर
अजून एकही नाही.