पंचावन्न उत्तरं

हॅलिफॅक्सला, मेथडिस्ट चर्चमागच्या हॉलमध्ये
दर मंगळवारी आम्ही जुने विनोदी सिनेमे बघतो.
अकरा माणसं, एक हीटर,
आणि आल्याची बिस्किटं, जी मी आणते
आणि मिस्टर ऑर्मरॉड संपवतात.
आज ते निथळत आले. छत्री बसमध्ये राहिली म्हणाले.

सिनेमात एक माणूस हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर
चादरींच्या कपाटात लपतो.
वसुलीवाला बाहेरून कुलूप घालतो, किल्ली खिशात टाकतो,
आणि कपाटासमोरच खुर्ची ओढून बसतो.
पुढच्या दृश्यात तोच माणूस तळघरातल्या स्वयंपाकघरात
अंडी तळतोय,
डोक्यावर वसुलीवाल्याची टोपी.

ब्रेंडा बॅराक्लफला कवळी सावरावी लागली.
ऑर्मरॉड हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

चहाला उभे राहिलो तेव्हा म्हणाले, चूक आहे.
कपाटाला खिडकी नाही. किल्ली एकच.
बत्तीस वर्षं विम्याचे दावे तपासलेला माणूस,
कुणाचं घर जळो, कुणाची गाडी कालव्यात जावो,
हे आधी विचारणार: किती वाजता?

मी म्हटलं, कॅमेऱ्यामागे चाळीस माणसं असतात,
त्यातली एक बाई फक्त टोपीच सांभाळत असेल.
तिलाही दिसलं नसेल?
तो कसा सुटला ते दाखवत बसले असते
तर अंडी करपली असती.

ते म्हणाले, ही भलामण झाली.
चुकीला तुम्ही शाल-श्रीफळ देताय.
(इंग्रजीत नक्की काय म्हणाले ते आठवत नाही,
मला असंच ऐकू आलं.)

मग प्लास्टर निघालं.
नायकाचा मोडलेला पाय आधी डावा होता, लग्नात उजवा.
तिथं मी हात टेकले. आळस तो आळस.
पण कपाट मी सोडेना.

मिरजेला, जिवतीच्या शुक्रवारी आई कहाणी वाचायची.
शेवटी, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.
आठ वर्षांची मी, पाटीवर वजाबाकी करून विचारलं,
मग उरलेली पंचावन्न उत्तरं कुठं गेली?
आईनं तळहातावर फुटाणे ठेवले, गुळाचा खडा ठेवला,
म्हणाली, ही घे त्यातली थोडी. आता तोंड मीट.

हे मी इंग्रजीत सांगायला गेले
आणि त्याचं नुसतं गणित झालं.
ऑर्मरॉडनी वहीत आकडा मात्र टिपला.

हीटर बंद केला. खुर्च्या एकात एक घातल्या.
तेव्हा ते, माझ्याकडे न बघता,
सोवर्बी ब्रिजच्या एका बेकरीवालीचं बोलले.
आग लागली तेव्हा मांजर भट्टीच्या खोलीत कोंडलेलं होतं,
असं तिनं लिहून दिलं होतं.
आणि त्याच मांजरानं छतावरून ओरडून
आख्खी गल्ली उठवली, असंही.
दार बंद, धुराड्याला जाळी, छत दोन मजले वर.
त्यांनी लाल शाई वापरली. दावा फेटाळला.

सहा वर्षांनी त्याच रस्त्यानं जाताना
वर बघितलं तर मांजर छतावर.
हे त्याचं पोर असेल, नातू असेल.
थांबून बघत राहिले: मांजर कौलांवरून चाललं,
आणि खाली, बंद दुकानाच्या काचेमागे,
बसून पंजा चाटू लागलं.
मध्ये काय झालं ते त्यांना दिसलं नाही.
ते पापणीही न लवता बघत होते.

बेकरीची बाई?
स्कारबराला बहिणीकडे गेली, म्हणाले.
ब्रेंडानं दिवे घालवले म्हणून
त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

बाहेर पाऊस होताच.
पायरीवर क्षणभर थांबून त्यांनी छत्री उघडली,
काळी, थोरली, लाकडी मुठीची,
आणि अर्धी माझ्यावर धरली.
बसथांब्यापर्यंत चढ आहे.
मी काही विचारलं नाही.