राखेचा बुधवार, दुसरी पाळी

सकाळी सहाच्या मिस्साला कॅम्पात धुकं होतं.
फादरनी अंगठा टेकवला, मराठीत म्हणाले,
माती आहेस, आठवण ठेव.
पुढच्याला कोकणीत,
मागच्या नर्सबाईंना कन्नडात.
राखेची वाटी एकच.

मला वेगळी आठवण कशाला हवी?
उद्यमबागेत चोवीस वर्षं वाळूच ठोकतोय.
काळी वाळू, बेंटोनाइट, बेतानं पाणी,
पेटीत दाबायचं, पॅटर्न अलगद उचलायचा.
मागं उरते ती रिकामी जागा
कुठल्यातरी पंपाच्या आकाराची,
तीच आमची कारागिरी.
धातू निवला की साचा फोडायचा,
वाळू पुन्हा ढिगात.
काल आपण काय होतो
ढिगाला आठवत नाही.

मला आठवतं.
मागच्या मंगळवारचं झाकण,
वरून गुळगुळीत, कडेला शेंगदाण्याएवढी पोकळी.
बोटाला लागली होती की!
पुट्टी भरली, वर ग्राफाइट चोळलं,
पाळी सुटायला दहा मिनिटं होती.
लेथवर ते उघडं पडलं
आणि वहीत नाव निघालं परसूचं.
किणयेचं पोर, दोन महिने झालेत लागून.
चारशे रुपये कापले.
तो बोलला नाही, मीही नाही.
दोघं शेजारीशेजारी वाळू चाळत राहिलो.

शनिवारी पापनिवेदन केलं.
जाळीपलीकडून आवाज आला,
आणि त्या पोराचे पैसे?
म्हटलं, फादर, हवं तर
तीन नमो मरिये जास्त सांगा.
ते हसले नाहीत.

आज उपास, म्हणून डबा नाही.
रेजिनानं पेज वाढली, लोणच्याची एक फोड,
आणि फोड परत उचलून घेतली,
तिच्या हिशेबानं तीही चैनच.

तीन वाजता गेटावरच्या यंत्राला
मी माझा अंगठा टेकवला.
शिवलिंगप्पा टेबलापाशी.
त्याच्या कपाळावर तीन आडव्या रेघा,
माझ्या एक उभी, एक आडवी,
दोघांच्याही घामानं निम्म्या उतरलेल्या.
येताना बसमध्ये वाक्य जुळवलं होतं.
मराठीत मला फार छान चुकता येतं,
घाई होती, गुडघा धरला होता, लाइट गेलेली.
कन्नड माझं आठवडी बाजारापुरतं:
किती, नको, जास्त झालं, उद्या.
त्यातूनच निघालं,
तप्पु नंदे री.
पुढं शब्दच नव्हते,
म्हणून गप्प उभा राहिलो.

त्यानं पेन शोधलं. परसूचं नाव खोडलं,
माझं लिहिलं,
चारशेच्या जागी आठशे.
सीनियर आहात, इनास, म्हणाला.
मराठीत.

रात्री ओतकामाला परसू समोर आला.
पैशाचं काही काढलं नाही.
मामा, कपाळाला काय लावलायसा?
राख.
कसली?
झावळ्यांची. गेल्या वर्षी रविवारी
हातात धरून फिरलो होतो त्या.
जपून ठेवतात, मग जाळतात.

तो आपल्या हातांकडं बघत राहिला,
कोपरापर्यंत काळे.
मग आमचं रोजच हाय की, म्हणाला,
आणि वाकून
लॅडलची पलीकडची दांडी धरली.