सातवी ओळ

नागभीडच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सहा, चालतात चार.
प्रयोगशाळा पडद्याच्या आत:
कुणीही यावं, आमचे आकडे उचलावे,
गणित पुन्हा मांडून पाहावं.

बोडीचं पाणी तपासलं हिरकन्या कोवेनं,
चौदा शनिवार.
मग, बोडी म्हणजे काय ते ठाऊक नसलेल्या कुणीतरी
दूर देशातून लिहिलं:
सातवी ओळ पटत नाही.

"काहून दाखवलं जी साऱ्या जगाले?"
बोट तिचं खोडायच्या बटणावर.

राहू दे, म्हटलं. खाली दुरुस्ती लिही, तारीख टाक.

तेवढ्यात लाइन गेली.
काळ्या पडद्यासमोर बसून ती हळूच म्हणाली,
"सर, त्या शनिवारी बाटली म्या नाही,
भावानं भरली होती.
थेही लिहू?"