पिवळी रेघ

मंगळवारी रात्री ठराव झाला, पाच विरुद्ध दोन.
बुधवारी सकाळी माझ्या हातात ब्रश.

टॅमरॅक काउंटीच्या जागेत निवडणुकीसाठी
पैसा मागायचा नाही, घ्यायचा नाही,
काउंटरवर नाही, लिफ्टमध्ये नाही,
पार्किंगमध्ये काच खाली करूनही नाही.
"पण आपली जागा संपते कुठे?" कुणीतरी विचारलं
आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू सव्वीस वर्षं फरशी पुसणाऱ्याला
फरशीखालचंही ठाऊक असतं.

मोजणीदार आला, वेंडेल ओस्टरहाउट.
जुन्या नकाशात हद्दीची खूण म्हणून एक ओक होता,
माझ्या जन्माआधीच पडलेला.
दिवसभर एक डोळा मिटून
त्यानं त्या नसलेल्या झाडापासून अंतर मोजलं.
हद्द निघाली ती पायऱ्यांच्या पुढून, सायकलींच्या कठड्याखालून,
आणि बाकाच्या बरोबर मधून.
मी रंगवली. बाकावरसुद्धा.
सांगितलं तसं.

आता खरं सांगतो, तिकिटं मीही घेतली आहेत.
दर चार वर्षांनी, ऑक्टोबरात,
शेरीफसाहेबांचं स्पॅगेटीचं जेवण, पंचवीस डॉलर.
जबरदस्ती कुणी केली नाही.
फक्त डेप्युटी लोनी फ्रिट्स खाली बॉयलरपर्यंत यायचा,
जिथं एरवी कुणी येत नाही.
माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा,
पावतीपुस्तक पाइपवर ठेवायचा
आणि खिशात पेन शोधत राहायचा.
पेन सापडेपर्यंत माझं पाकीट बाहेर आलेलं असायचं.

भीड भिकेची बहीण म्हणतात.
आमच्या इमारतीत ती पगारावर होती.

वरच्या मजल्यावर, कराच्या खिडकीतली मॅरिबेल
दोन घ्यायची. जेवायला कधीच गेली नाही.
तिकिटं चुंबकानं फ्रीजवर लावायची,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी.

ठरावानंतर सगळं सरळ झालं असं नाही.
बर्फ काढणाऱ्या ड्वेनच्या बायकोसाठी
चहाच्या खोलीत एक बरणी होती, ड्वेन गेल्यापासूनची.
कुणीतरी ती उचलून नेली, "तपासायला".
अकरा दिवस ती हरवलेल्या हातमोज्यांच्या कपाटात होती.
परत आली तेव्हा झाकणावर चिठ्ठी: राजकीय नाही.
तिच्यात पन्नासची एक नोट जास्त होती.
कुणाची, ते कळलं नाही.
मला लोनीचा संशय आहे.

तो आता बाहेर उभा असतो, दुपारी,
बुटाचं टोक रेघेला लागू न देता.
दमला की बाकाच्या पलीकडच्या अर्ध्यावर बसतो,
पावतीपुस्तक मांडीवर.
अलीकडच्या अर्ध्यावर मॅरिबेल सँडविच खाते.
"छान ऊन आहे," तो म्हणतो.
"आहे," ती म्हणते, आणि खात राहते.

पूर्वी नाही म्हणायला तोंड उघडावं लागायचं.
आता नुसतं बसून राहिलं तरी पुरतं.

ज्यांना द्यायचे ते देतातच.
हिशेबनीस बाई रोज टपाल टाकायच्या निमित्तानं पलीकडे जाते,
हातात टपाल नसतं.
तिला बढती हवी आहे की शेरीफ हवा आहे
हे रेघेला कळत नाही. मलाही नाही.

काल वेळेआधीच बर्फ पडला, घोट्याएवढा.
पायऱ्या झाडायचं काम माझं, रेघेचं कुणी बोललं नव्हतं.
सगळं पांढरं, एकसारखं, कुणाचंच नसलेलं,
आणि त्यात लोनी, नाक लाल,
एक पाय वर धरून, कुठं ठेवावा न कळून.

"हॉयट," तो ओरडला, "कुठून जाते रे ती?"

मी फावडं टेकवलं.
पहिल्याच घावाला पिवळं लागलं.
"तिथंच थांब," मी म्हणालो,
आणि बाकापर्यंत उकरत गेलो.