न पडलेले खाडे

केयोनला रस्ता संपतो. पुढे नुसतं पाणी.
तिथेच, सॅमनच्या कारखान्याला खेटून आमचा दवाखाना:
दोन खोल्या, लाकडं खाणारी एक शेगडी,
आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर,
चित्रातली होडी आवडते म्हणून राहू दिलेलं.

जून ते सप्टेंबर माझं काम एवढंच:
खोकत येईल त्याच्या नाकात काडी घालायची,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत फिरवायची,
आणि विचारायचं, वय? पाळी कुठली? लस घेतली होती?
अठरा ते चौसष्ट.
म्हातारी आणि पोरं दुसऱ्या कुणाच्या वहीत.
माझ्या वहीत कमावते हात.

काड्या बर्फाच्या निळ्या डब्यातून पुएर्तो मोंतला जातात.
चौथ्या दिवशी निकाल: फ्लू आहे, किंवा नाही.
आहे ते इकडे, नाही ते तिकडे,
आणि दोन्हीकडे किती दंडांत सुई गेली होती ते मोजायचं.
तराजूच की, सांतियागोचा गास्तोन फोनवर म्हणतो.
शंभरांना ताप आला असता,
त्यातल्या बेचाळीसांना आला नाही.
अठरा असतील, एकोणसाठही असतील, तो पुढे पुटपुटतो,
पण बेचाळीस धरून चाल.

मी धरून चालते. रात्री शेगडीपाशी
त्या बेचाळीसांचे चेहरे आठवू बघते.
एकही आठवत नाही.
जे झालंच नाही त्याला नाव-पत्ता कुठला?

नोल्बेर्तो मिय्यालोंको लस घेऊनही फणफणला.
"तुझी सुई खोटं बोलली," म्हणाला.
मी म्हटलं, सुईने शपथ कधी घेतली होती?
चौथ्या दिवशी तो पुन्हा पट्ट्यापाशी, हातात सुरी.
लस नसती तर आठ दिवस पडला असता,
की चारच?
मला माहीत नाही. सुरीलाही नाही.

यंदा फॉर्मवर नवा रकाना आला: आजारपणाचे खाडे.
कारखान्याच्या हजेरीवरून मी भरत गेले.
लस घेतलेल्यांपुढे शून्य, शून्य, दोन, शून्य.
एवढी गोल गरगरीत शून्यं,
मला आमच्या कोंबड्यांची अंडी आठवली.

मग यास्ना ग्वेंतेओची ओळ.
लस: नाही. (सुया टोचल्या त्या दिवशी ती रात्रपाळी करून झोपली होती.)
खाडे: शून्य.

आणि मी तिला पाहिलं होतं.
पहाटे साडेपाच, बसथांब्यावर,
मफलरचा बोळा तोंडात कोंबून खोकताना.
हातमोजा काढून मी तिच्या कपाळाला हात लावला होता.
तवा.
काडी घालू का, विचारलं.
"घातलीस तर लिहावं लागेल," ती म्हणाली.
"कंत्राटी आहे मी. पहिला खाडा पडला की बोनस जातो,
दुसरा पडला की नाव."
बस आली. ती चढली.
आतल्या चाळीस जणांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या, थंडी म्हणून.

गास्तोनला सांगितलं. तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, जी येतच नाही ती मोजता येत नाही,
आमच्याकडे या दोषाला एक नाव आहे.
मी म्हटलं, आमच्याकडेही आहे. यास्ना.

ऑगस्टमध्ये मी डबा उचलून फाटकावर नेला,
रात्री अकराला, पाळी बदलते तेव्हा.
परवानगी नंतर मागितली.
वाऱ्यात तिघं थांबले.
चौथी यास्ना, घाईत, जॅकेटची बाही सोडवत.
"डाव्यात टोच. उजव्यात सुरी असते."
कापूस धरायलाही थांबली नाही.

सकाळी तिच्या ओळीत तारीख लिहिली.
खाड्यांचा रकाना मात्र पेन्सिलनेच ठेवला आहे,
गास्तोन रागावतो तरी.
दोन शून्यं शेजारी शेजारी, एकाच मापाची,
आणि त्यातलं एक अजून खोकतंय.